घरापर्यंत परवडणारे इंटरनेट : अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी हिशेब आणि पर्याय

कीड सर्वेक्षणाचे मोल सल्ला घरात केव्हा पोहोचतो यावर ठरते. कपाशीत लावलेल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आढळले, की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे आपण मानतो. मादीने घातलेली अंडी काही दिवसांतच उबतात आणि बाहेर पडलेली अळी लवकरच फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सापळ्यातील नोंद आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेला सल्ला यांत आठवड्याचे अंतर पडले, तर सल्ला अचूक असूनही निरुपयोगी ठरतो.

पूर्वी हे अंतर टपाल, फलक आणि आकाशवाणी यांवर अवलंबून होते. आज ते बऱ्याच अंशी घरातील इंटरनेटवर अवलंबून आहे. २००८ च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यात शेतकऱ्याने किडीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवणे अपेक्षित आहे. राज्यातील ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवर नोंदवायची असते. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. या सर्व व्यवस्थांनी घरात इंटरनेट आहे असे गृहीत धरले आहे. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाला ते परवडते का आणि परवडावे यासाठी कोणते मार्ग आहेत, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

मोहालीचे उदाहरण कशासाठी?

पंजाबातील मोहाली, म्हणजे साहिबजादा अजितसिंह नगर, हे चंदीगडला लागून असलेले आखीव सेक्टरांचे शहर आहे. सोहाना, मटौर, कुंभडा ही जुनी गावे या सेक्टरांच्या पोटात सामावलेली आहेत. येथील सी-डॅक केंद्राने ई-संजीवनी ही राष्ट्रीय दूरवैद्यकीय सेवा विकसित केली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तिचा घरबसल्या वापरायचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून दहा कोटी वैद्यकीय सल्ले दिले गेले. कीडविज्ञानातील सल्लासेवेशी या सेवेचे साम्य उघड आहे. तज्ज्ञ एका टोकाला, गरजू दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये त्या घरात पोहोचणारी शेवटची जोडणी. ती जोडणी तुटली तर तज्ज्ञाची विद्वत्ता कामी येत नाही.

मोहालीचे नाव घेण्याचे दुसरे कारण तुलनेचे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न पंजाबात २६,७०१ रुपये, महाराष्ट्रात ११,४९२ रुपये आणि देशात १०,२१८ रुपये होते. इंटरनेटच्या योजनांचे दर मात्र मोहालीत आणि मराठवाड्यात जवळपास सारखेच आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने मूलभूत ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी असावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. हाच निकष ढोबळमानाने कुटुंबाच्या उत्पन्नाला लावून पाहू. पंजाबातील सरासरी शेतकरी कुटुंबाची २ टक्क्यांची मर्यादा ५३४ रुपये येते, तर महाराष्ट्रातील कुटुंबाची २३० रुपये. दरमहा ४०० रुपयांच्या फायबर योजनेवर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ४७२ रुपये होते. हे बिल पंजाबातील कुटुंबाच्या उत्पन्नाच्या १.८ टक्के, तर महाराष्ट्रातील कुटुंबाच्या ४.१ टक्के ठरते. उत्पन्नाचे आकडे काही वर्षांपूर्वीचे आहेत आणि सरासरीचे आहेत. अल्पभूधारक व शेतमजूर यांचे उत्पन्न त्याहून कमी असते. म्हणून ‘भारतात इंटरनेट स्वस्त आहे’ हे विधान देशाच्या सरासरीला लागू पडले, तरी विशिष्ट घराला लागू पडेलच असे नाही.

स्वस्त डेटा, महाग खंड

डेटा खरोखरच स्वस्त झाला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीसाठी सरासरी २६९ रुपये मोजावे लागत. २०१८ पर्यंत हा दर १२ रुपयांच्या आसपास आला. तथापि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी आपले दर सुमारे १० ते २५ टक्क्यांनी वाढवले. शिवाय ग्राहक डेटा सुटा विकत घेत नाही. तो २८, ५६ किंवा ८४ दिवसांचे पॅक विकत घेतो. २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षात बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी असावी, असा आदेश ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये दिला. तो बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसतो.

अल्प उत्पन्न घरात खरा तोटा होतो तो रिचार्ज संपल्यानंतर पुढचा होईपर्यंत पडणाऱ्या खंडामुळे. कोरडवाहू भागातील घरात हातची रोकड सर्वांत कमी असते ती जून ते सप्टेंबर या काळात. बियाणे, खते, मजुरी आणि शाळेचा खर्च यांत पैसा गेलेला असतो आणि नवे पीक हाती आलेले नसते. किडींचा प्रादुर्भाव, पीक पाहणीची नोंद आणि विम्याची सूचना यांचा काळही साधारण हाच असतो. म्हणजे इंटरनेटची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ते बंद पडण्याची शक्यता सर्वाधिक असते. एखाद्या घरात वर्षातील ३०० दिवस इंटरनेट आहे, पण नसलेले ६५ दिवस पावसाळ्यात येतात, तर त्या घराला सल्लासेवेच्या दृष्टीने जोडलेले म्हणता येणार नाही.

यासाठी परवडण्याचा विचार तीन आकड्यांत करावा. पहिला, वर्षभराचा एकूण खर्च. दुसरा, त्या खर्चात घरातील किती माणसांना इंटरनेट वापरता येते. तिसरा, हंगामात खंडित राहणारे दिवस. मासिक दर हा यांपैकी एकही आकडा सांगत नाही.

आपली गरज किती?

कंपनीची जाहिरात वेगाची असते. आपण गरजेपासून सुरुवात करावी. जानेवारी २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस वेग देणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले जाते. मजकुराचा सल्ला, किडीचे छायाचित्र पाठवणे, अर्ज भरणे आणि साधारण प्रतीचा व्हिडिओ संवाद या कामांना हा वेग स्थिर मिळाला तर पुरतो. किडीचे एक छायाचित्र साधारण २ ते ४ एमबीचे असते. मध्यम प्रतीचा तासभराचा व्हिडिओ मात्र अर्धा जीबी किंवा अधिक डेटा घेतो. मुलांचा अभ्यास व्हिडिओवर चालत असेल तर दिवसाला दीड जीबीचे पॅक सायंकाळपूर्वीच संपते. शेतीच्या कामासाठी मोबाइल पॅक पुरते. दोन-तीन मुलांच्या शिक्षणासाठी ते अपुरे पडते. कोणत्या घराला काय हवे, हे या फरकावरून ठरते.

फायबर केव्हा घ्यावे : आर्थिक पातळीचा हिशेब

फवारणीचा निर्णय जसा आर्थिक नुकसानीच्या पातळीवर घेतो, तसाच फायबर जोडणीचाही घेता येतो. पुढील दर उदाहरणापुरते पूर्णांकात धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावातील चालू दर घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, दिवसाला दीड जीबीचे २८ दिवसांचे पॅक ३०० रुपयांना आहे. वर्षाला १३ रिचार्ज म्हणजे एका फोनचे ३,९०० रुपये. फक्त बोलणे व संदेश यांसाठीचे ८४ दिवसांचे पॅक ४५० रुपयांना आहे. त्याचा वर्षाचा खर्च सुमारे १,९५० रुपये. असे विनाडेटा पॅक उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक करणारा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. फायबरचे जीएसटीसह बिल ४७२ रुपये, म्हणजे वर्षाला ५,६६४ रुपये.

एक फोन : डेटा पॅकने ३,९०० रुपये, फायबर व विनाडेटा पॅकने ७,६१४ रुपये.
दोन फोन : ७,८०० विरुद्ध ९,५६४ रुपये.
तीन फोन : ११,७०० विरुद्ध ११,५१४ रुपये.
चार फोन : १५,६०० विरुद्ध १३,४६४ रुपये.

याचा अर्थ, घरात तीन स्मार्टफोन नियमित रिचार्ज होत असतील तर फायबरचा खर्च मोबाइल डेटाच्या बरोबरीला येतो. मात्र शेतात वायफाय पोहोचत नाही. किडीचे छायाचित्र बांधावरूनच पाठवायचे असेल, तर एका फोनवर डेटा पॅक ठेवावे लागेल. तसे केल्यास ही पातळी चार फोनांवर जाते : चार डेटा पॅकचे १५,६०० रुपये, तर फायबर, एक डेटा पॅक व तीन विनाडेटा पॅक मिळून १५,४१४ रुपये. एक-दोन फोन असलेल्या घराने केवळ आकर्षक जाहिरातीवरून फायबर घेऊ नये, असा या हिशेबाचा सरळ निष्कर्ष आहे.

या हिशेबात तीन गोष्टी आणखी मिळवाव्यात. जोडणीचे शुल्क अथवा उपकरणाची अनामत रक्कम, बिल किती महिन्यांचे आगाऊ भरावे लागते ते, आणि वीज. दहा वॅटचा राउटर अखंड चालू ठेवला तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज लागते. भारनियमनात राउटर बंद पडतो, ही बाबही ग्रामीण भागात विसरून चालणार नाही.

ज्या घरांना फायबर परवडत नाही, त्यांनी खंड टाळण्यावर भर द्यावा. शेतमाल विक्रीचे पैसे हाती येतात तेव्हा दीर्घ मुदतीचे पॅक घेऊन ठेवावे. विशेष रिचार्जची कमाल मुदत ट्रायने ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली आहे. दीर्घ मुदतीचे पॅक बहुधा दिवसाच्या हिशेबाने स्वस्त पडते. त्याची मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत पुरेल अशा तारखेला ते घेणे हे बियाणे वेळेवर घेण्याइतकेच महत्त्वाचे समजावे.

सामाईक पर्याय

एकट्या घराला जे परवडत नाही ते गावाने मिळून परवडू शकते. असे तीन पर्याय अभ्यासण्याजोगे आहेत.

भारतनेट. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. घरापर्यंतची जोडणी स्थानिक उद्योजक, म्हणजे ‘भारतनेट उद्यमी’, बीएसएनएलच्या भागीदारीत देतो. येथे विस्तार कार्यकर्त्याने एक फरक ध्यानात ठेवावा : पंचायत कार्यालयात फायबर पोहोचणे वेगळे आणि ते चालू असणे वेगळे. गावाची चौकशी करताना ‘जोडणी आहे का’ असे न विचारता ‘गेल्या महिन्यात किती दिवस चालली’ असे विचारावे.

पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदार, दूध संकलन केंद्र किंवा बचत गट सार्वजनिक डेटा कार्यालय चालवू शकतो. त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. पूर्वीच्या एसटीडी-पीसीओ बूथची ही नवी आवृत्ती म्हणता येईल. घरी दूरध्वनी परवडत नव्हता त्या काळात त्या बूथनी गावाला जोडून ठेवले होते. पीएम-वाणीच्या वाटेतली मोठी अडचण म्हणजे या चालकांना मिळणाऱ्या जोडणीचा खर्च. त्यावर जून २०२५ मध्ये ट्रायने मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी या चालकांकडून किरकोळ घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही. ४७२ रुपयांच्या घरगुती बिलाच्या ठिकाणी चालकाला फार तर ९४४ रुपये मोजावे लागतील. वीस घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तरी ही रक्कम निघते. स्वतःची घरगुती जोडणी शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणे सहसा कंपनीच्या अटींत बसत नाही. पीएम-वाणी हा त्याचा कायदेशीर मार्ग आहे. येथे वायफाय प्रत्येक घरात पोहोचेलच असे नाही, पण दूध घालायला रोज जावे लागणाऱ्या ठिकाणी सल्ला उतरवून घेता येणे हेही कमी नाही.

पंचायतीचे बिनतारी जाळे. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या तरंगपट्ट्यांतून सात गावांत इंटरनेट नेऊन दाखवले. पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वायफायचा उपयोग करून हे काम पंचवीस गावांपर्यंत वाढवण्यात आले. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. त्यातील तंत्राइतकीच महत्त्वाची बाब व्यवस्थेची होती. गावातील जाळ्याची मालकी पंचायतीकडे आणि देखभाल गावातील तरुण उद्योजकाकडे, अशी सार्वजनिक-खासगी-पंचायत भागीदारी तिने सुचवली. दुर्गम पाड्यांवर यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येणार, या प्रश्नाचे उत्तर खरेदीपूर्वीच ठरलेले असावे, हा त्याचा धडा आहे.

अनुदानावर किती विसंबावे?

केरळ शासनाने ५ जून २०२३ रोजी के-फॉन हे राज्याचे फायबर जाळे सुरू केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याचे त्याचे उद्दिष्ट होते आणि पहिल्या टप्प्यात १४,००० कुटुंबे निवडण्यात आली. उद्दिष्ट आणि पहिला टप्पा यांतील अंतर लक्षणीय आहे. अमेरिकेत अल्प उत्पन्न कुटुंबांना इंटरनेट बिलात दरमहा ३० डॉलरची सवलत देणारी योजना होती. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तिचा लाभ घेत होती. निधी संपल्याने ती जून २०२४ मध्ये बंद झाली आणि त्या कुटुंबांना पूर्ण बिल भरणे किंवा जोडणी सोडणे, असा पर्याय उरला. अनुदान मिळत असेल तर अवश्य घ्यावे. मात्र ते थांबल्यास जोडणी कशी चालू ठेवायची, याचाही हिशेब आरंभीच करावा.

घरातील फोन कोणाच्या हाती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील दर तीन स्त्रियांपैकी एकीनेच कधी तरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. कपाशीची वेचणी, निंदणी आणि भाजीपाल्याची तोडणी बहुतांशी स्त्रिया करतात. डोमकळी किंवा अळीने पोखरलेले बोंड प्रथम त्यांच्या नजरेस पडते. घरातील एकमेव डेटा पॅक पुरुषाच्या फोनवर असेल आणि तो दिवसभर बाहेर असेल, तर जे प्रथम पाहतात त्यांच्याकडे कळवण्याचे साधन नसते. घरगुती वायफाय किंवा दूध केंद्रावरील पीएम-वाणी यांचा खरा लाभ येथे आहे : इंटरनेट एका सिमचे न राहता घराचे किंवा वस्तीचे होते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी स्वाध्याय

खरिपापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, आपल्या कार्यक्षेत्रातील दहा अल्पभूधारक अथवा शेतमजूर घरांची पुढीलप्रमाणे नोंद करावी.

१. घरात चालू स्थितीतील स्मार्टफोन किती आणि प्रत्येक फोन बहुतेक वेळ कोणाकडे असतो?
२. गेल्या जून ते सप्टेंबरमध्ये डेटा किती दिवस बंद होता?
३. वर्षभरात सर्व फोनवर मिळून रिचार्जचा खर्च किती झाला? ही रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नाच्या किती टक्के आहे?
४. वस्तीवर कोणत्या कंपनीचे जाळे पोहोचते? कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील व्याप्ती नकाशे पाहावेत; मात्र प्रत्यक्ष घरात फोन लावूनही खात्री करावी.
५. तारेने इंटरनेट देणारे कोण आहेत? संचार साथी संकेतस्थळावर पिनकोडनुसार ही माहिती शोधता येते.
६. पंचायतीतील भारतनेट जोडणी गेल्या महिन्यात किती दिवस चालू होती?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिली की घरांचे तीन गट पडतात. तीन-चार किंवा अधिक फोन असलेल्या घरांना फायबरचा हिशेब करून दाखवावा. एक-दोन फोन असलेल्या घरांना जून सुरू होण्याआधी दीर्घ मुदतीचे पॅक घेण्यास सुचवावे. ज्यांच्याकडे तेही शक्य नाही अशी घरे एका वस्तीवर वीसच्या आसपास असतील, तर तेथील दूध संस्था, बचत गट किंवा दुकानदार यांच्याशी पीएम-वाणीविषयी बोलणी करावी. यांपैकी काहीही जुळून येईपर्यंत त्या घरांना सल्ला फोन करून किंवा प्रत्यक्ष भेटून द्यावा आणि त्यांची स्वतंत्र यादी ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅप गटावर सल्ला पाठवला म्हणजे तो पोहोचला, असे या घरांच्या बाबतीत धरू नये.

कामगंध सापळा लावून कोणी मोजणी करीत नसेल तर त्या सापळ्याला अर्थ नाही, हे आपण शेतकऱ्यांना सांगत आलो आहोत. सल्लासेवेलाही तोच नियम लागू आहे. पाठवलेल्या सल्ल्यांची संख्या नोंदवहीत असतेच. यंदाच्या हंगामात तिच्या शेजारी तो सल्ला वेळेत मिळालेल्या घरांची संख्याही लिहावी.